पायजम्याचं माप

४ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

इकडे सगळं ठीक आहे असं पहिल्या ओळीत लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं. बाकीचं पत्र वाचून तूच काय ते ठरव.

तुझी लाडकी भाची, तुझी ती शिडी, गेले काही आठवडे लंगडतेय. उजव्या गुडघ्याच्या जरा वर सूज आहे. सायकलवरून पडले तेव्हापासून दुखतंय असं ती म्हणते, पण ती पडली डाव्या अंगावर. मी खिडकीतून पाहिलं होतं. उंची तर अशी भराभर वाढतेय की या वर्षात शाळेच्या पँटची दुमड मी दोनदा उसवली. त्यामुळे वाढीचं दुखणं असेल असं हे म्हणाले आणि पुन्हा बस घेऊन लांबच्या फेरीवर गेले. मी रोज संध्याकाळी गरम तेल लावून चोळून देते. दिवसा ती बरी असते, हसते, माझ्या नकला करते. रात्री मात्र उठून बसते. पडून राहिलं की जास्त दुखतं म्हणते. असं कधी असतं का रे? दुखणाऱ्या माणसाला आडवं झाल्यावर बरं वाटायला पाहिजे.

तू कृत्रिम पायांबरोबर गुडघ्याच्या पट्ट्याही बनवतोस ना, तशी एक पाठव. फोनवर सांगितलं असतं, पण फोन जेवणाच्या टेबलाशेजारी आणि ही कान टवकारून बसलेली. आई घाबरली असं तिला वाटायला नको.

आई घाबरलेली नाही. शिवायच्या गणवेशांचा ढीग पडलाय, मान वर करायला फुरसत नाही.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पट्टी पाठवत नाही. रागावू नकोस, पुढे वाच.

चोळणं आजच्या आज बंद कर. तेल, शेक, मलम, काही नको. याच आठवड्यात एक्स-रे काढ. आणि आत पाणी झालंय, पू झालाय, सुई घालून काढतो किंवा बारीक चिरा देतो असं कोणी म्हणालं तर हात जोड आणि पोरीला घेऊन उठून ये. आमच्या वर्कशॉपला ज्या सर्जनबाई पेशंट पाठवतात त्यांनी मला एकदा हे समजावलं होतं. अशा सुजेत पहिली सुई कुठून घालायची हे शेवटी जो ऑपरेशन करणार त्यानेच ठरवायचं असतं, नाहीतर पुढचं सगळं बिघडतं. बाबा नाही का, गिऱ्हाइकाच्या कापडाला पहिली कात्री दुसऱ्या कोणाला लावू द्यायचे नाहीत, तसंच.

बहुतेक काही नसेल. वाढत्या मुलांचे गुडघे दुखतातच, आणि दहातल्या नऊ वेळा ते खरंच पडण्याचं आणि वाढण्याचं दुखणं असतं. पण पडून राहिल्यावर जास्त दुखतं हे तुझं वाक्य मला आवडलं नाही. मी ते परत परत वाचतोय.

फोन न करता लिहितोय, कारण माझा आवाज तुला लगेच कळतो.

शिडीला सांग, मामा म्हणाला उंची आता बस झाली. स्टुलाशिवाय दिवा बदलता येतो तेवढं पुरे.

धाकटा

२२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

कोपऱ्यावरच्या आपल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. मग उठून त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. इतक्या वर्षांत त्यांनी कधी खुर्ची सरकवलेली नाही. मला तिथेच कळलं.

मांडीच्या हाडाचं खालचं टोक वाळवी लागलेल्या लाकडासारखं दिसत होतं, आणि कडेने बारीक रेषा बाहेर फुटल्या होत्या. ही कसली गाठ, मी विचारलं. ते म्हणाले, "हाडातच उगवलेली दिसते. मी हिला हात लावणार नाही. मोठ्या इस्पितळात जा, आणि उद्यावर टाकू नका." शिडी बाहेर बाकावर बसून पाय हलवत होती. मी बाहेर आले तर म्हणाली, काय ग, फ्रॅक्चर आहे की नाटक आहे?

मग मोठ्या इस्पितळात सगळ्या तपासण्या झाल्या. पायाचा एमआरआय, सगळ्या हाडांचा स्कॅन, छातीचा स्कॅन. दुखतंय पाय आणि फोटो छातीचा कशाला, हे विचारायचा मला धीर झाला नाही. ह्यांनी विचारलं. हे रजा घेऊन आलेत, आणि तुला माहीत आहे ह्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे काय असतं. तर सर्जन म्हणाले, असल्या गाठीची बी उडाली तर आधी फुप्फुसात जाऊन पडते.

सर्जनने तिच्या मांडीवर पेनाने खूण केली आणि तिथूनच सुई घालून तुकडा काढला. ऑपरेशनच्या वेळी हा सुईचा रस्ताही मला काढून टाकायचाय, म्हणून सुई मीच घालणार, असं म्हणाले. म्हणजे तू लिहिलंस ते अक्षरशः खरं निघालं, आणि मला तुझा रागच आला. का ते विचारू नकोस.

चोळत होतात का, असंही त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. चोळू नये, पण गाठ काही तुमच्या तेलाने आलेली नाही, असं ते म्हणाले. तरी काज करताना माझी नजर मधूनच माझ्या हातांवर जाते.

आता तुकड्याचा रिपोर्ट यायची वाट बघणं. तुझ्याकडे अशी मुलं येतात का रे? त्यांचं पुढे काय होतं? खरं खरं लिही. नको, लिहू नकोस.

तुझी ताई

२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू विचारलंस त्याचं उत्तर देत नाही. तूच नको म्हणालीस.

मला रिकामं बसवत नाही. तिच्यासाठी काहीतरी बनवतो. मापं लागतील. डाव्या, म्हणजे चांगल्या पायाची पोटरी दर चार बोटांवर मोजायची, घोटा, गुडघ्यापासून जमिनीपर्यंतची उंची, आणि पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने काढलेला आकार. उजव्याचंही पाऊल काढ. घाई नाही, पण लवकर पाठव.

तिला काही सांगू नकोस. बाबांची युक्ती आठवते ना? टेप लावल्या लावल्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागायचं, म्हणजे ते अंग चोरत नाही आणि माप खरं येतं.

धाकटा

१८ मार्च

प्रिय धाकट्या,

नाव कळलं. ऑस्टिओसार्कोमा, हाडाचा कॅन्सर. मी घरी येऊन खडूने कापडावर लिहून पाहिलं आणि लगेच झटकून टाकलं.

छाती साफ आहे. हे वाक्य मी आधी लिहायला हवं होतं. पण सर्जन म्हणाले, स्कॅनमध्ये दिसतं तेवढं साफ आहे. न दिसणारं काही असलं तर त्याच्यासाठीच औषध. म्हणून आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. पायाचं काय, ते मी विचारलं. पाय वाचवायचा प्रयत्न करणार, पण वचन देत नाही, औषधांनंतर पुन्हा फोटो काढून ठरवू, असं म्हणाले.

पहिली फेरी झाली. एक औषध लालभडक आहे. ते नळीतून उतरायला लागलं की ती डोळे मिटून घेते. तोंड आतून सोललंय, पाणीसुद्धा गिळवत नाही. केस उशीवर दिसायला लागल्यावर मीच रडायला लागले, तर ती म्हणाली, आई, तुझ्या खोलीत झाडायला दोरे कमी पडतात का? माझ्यासमोर ती असं बोलते. तिच्या खोलीचं दार लागलं की आत काय चालतं ते मला माहीत नाही, आणि दाराला कान लावायची मला भीती वाटते.

मापं सोबत आहेत. पाय सुजलाय, पँट चढत नाही, ढगळ पायजमा शिवते, असं तिला सांगितलं. बाबांच्या युक्तीप्रमाणे सारखी बोलत राहिले. शेजारच्या बाईंच्या भांडणाचं बोलले, शिलाई मशीनच्या पट्ट्याचं बोलले, सुचेल ते बोलले. ती मात्र माझ्याकडे बघत होती.

ही मापं कशाला हवीत हे मी तुला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. गुडघ्याची पट्टी असंच मी धरून चालते.

तुझी ताई

२ एप्रिल

मामा,

प्रिय लिहिलेलं नाही. ते चुकून राहिलेलं नाही.

पायजम्याला पावलाचं माप लागत नाही. मी टेप आणि कात्रीच्या घरात वाढलेय. पायजम्याला कंबर लागते, आसन लागतं, लांबी लागते. पोटरी दर चार बोटांवर कोण मोजतं ते मला माहीत आहे, कारण सुट्टीत तुझ्या वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसून मी ती मापं मोठ्याने वाचायचे आणि तू लिहून घ्यायचास. चांगल्या पायाची मापं घ्यायची, कारण नवा त्याच्यासारखा दिसला पाहिजे, हे तूच मला शिकवलंस. आई इतकी बोलत होती की मला तेव्हाच समजलं. आजोबांची युक्ती तिने मला मी लहान असतानाच सांगितली होती.

म्हणजे सगळं ठरलंय. पाय कापायचाय हे तुला माहीत आहे, आईला माहीत आहे, बाबांना माहीत आहे म्हणून ते माझ्याकडे बघत नाहीत. सर्जन माझ्याशी गोड बोलतात. फक्त ज्याचा पाय आहे त्याला कोणी सांगायचं नाही.

मला रात्री स्वप्नात तो पाय दिसतो. तुझ्याकडे भिंतीला लावून ठेवलेले असतात तसा. त्याला माझा बूट घातलेला असतो.

पाय जाणारच असेल तर ही औषधं कशाला? तोंडात फोड, कानात शिट्टी, ओकाऱ्या, हे सगळं कोणत्या पायासाठी? पुढच्या फेरीला मी जाणार नाही. आईला सांगितलंय. कारण सांगितलेलं नाही, ते तू सांग.

शिडी म्हणू नकोस मला. शिडीला दोन पाय असतात.

६ एप्रिल

प्रिय भाचीस,

काल तुझं पत्र आल्या आल्या हातातलं काम टाकलं, आज लिहायला बसलो.

कोणीही काहीही ठरवलेलं नाही. सर्जनने नाही, आईने नाही, बाबांनी नाही. मी एकट्याने ठरवलं, इथे बसून, तुला न बघता, कोणाला न विचारता. आईला मी खरं सांगितलं नव्हतं. तिला संशय आला असेल, पण तिने तोंड उघडलं नाही.

कसं झालं ते सांगतो. माझ्या दारातून जो आत येतो तो पाय घालवूनच आलेला असतो. तुझ्या आजाराची मुलंही आली आहेत, आणि ती सगळी तशीच आली. ज्यांचा पाय वाचला ती मुलं माझ्याकडे कशाला येतील? ती शाळेत जातात, बसमध्ये भांडतात, मला दिसत नाहीत. इतकी वर्षं मी एकाच दाराशी बसून हा आजार बघतोय, म्हणून मला वाटलं की याचा शेवट याच दाराशी होतो. आईचं पत्र आलं आणि मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी हातात काम घेतो. मला दुसरं काही येत नाही. काल सर्जनबाईंना जाऊन विचारलं. त्या माझ्यावर रागावल्या. म्हणाल्या, आता या आजारात बहुतेकांचा पाय वाचवता येतो, तुझ्याकडे उरलेले येतात आणि तू तेवढेच मोजतोस.

तुझा वाचेल का, ते मला माहीत नाही. कोणालाच अजून माहीत नाही. हे खरं आहे आणि ते वाईट आहे, पण कोणी लपवलेलं नाही.

साचा करून झाला होता. मोडला असं लिहिणार होतो. मोडायला गेलो, पण हात उचलेना. कपाटावर ठेवलाय, तोंड भिंतीकडे करून.

आता औषधाचं. औषध पायासाठी नाही. पाय राहो नाहीतर जावो, औषध तुझ्यासाठी आहे, कारण ती बी उडते ती फुप्फुसात. पाय नसलेली माणसं माझ्याकडे कुबड्यांवर येतात आणि चालत जातात. पण एक मुलगी होती, तुझ्याहून थोडी मोठी. तिने औषध मध्येच सोडलं. तिचा पाय मी तयार केला, घालून बघायला ये म्हणून निरोप धाडला. ती आली नाही. तो पाय अजून माझ्याकडे आहे, मी तो कोणाला देऊ शकत नाही. हे मी तुला घाबरवायला लिहितोय. मुद्दाम लिहितोय.

मला हव्या तेवढ्या शिव्या दे. आईला विचारून नवीन शिक. पण पिशवी भर आणि जा.

तुझा मामा

११ एप्रिल

धाकट्या,

तुझ्या पत्राचा शेवट तिने मला वाचून दाखवला, बाकीचा भाग ती दाखवत नाही. मग ते चुरगळून फेकलं. मग उचलून सरळ केलं. थोड्या वेळाने बघते तर दाराशी पिशवी घेऊन बसली होती, टोपी घालून. काही दिवस उशिरा का होईना, फेरी सुरू झाली आहे.

मापं कशासाठी होती ते तिनेच मला सांगितलं. तुझ्याशी मी सध्या बोलत नाहीये. तू आमच्या पोरीला जिवंतपणी मापात बसवलंस. आणि टेप माझ्या हातात होती, मी न विचारता धरली, हे आठवलं की तुझ्यापेक्षा माझाच संताप येतो.

ताई

२९ मे

प्रिय धाकट्या,

सध्या बोलत नाही असं लिहिलं होतं. आता बोलावंच लागेल.

औषधांच्या फेऱ्या झाल्या, पुन्हा फोटो काढले. छाती अजून साफ आहे. गाठीने मात्र दाद दिली ती अर्धवट. ती हाडाबाहेर मांडीच्या स्नायूंत शिरलेली आहे, रक्तवाहिनीला चिकटली आहे. एप्रिलमध्ये झाला तो उशीर नडला का, हे मी विचारलं. सर्जन म्हणाले तेवढ्याने असं होत नाही. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच, हे मी आता आयुष्यभर विचारत बसणार.

धातूचा गुडघा बसवून पाय ठेवता येईल असं आधी वाटत होतं. आता ते म्हणतात, गाठ पूर्ण काढायची तर इतके स्नायू जातील की तो गुडघा हलवायला काही उरणार नाही, आणि थोडं राखायला गेलं तर रोग मागे राहील. म्हणजे दोनच रस्ते. एक, मांडीच्या वरच्या भागातून पाय काढणं. दुसरा असा. मधला भाग, गाठीसकट गुडघा, काढून टाकायचा. पावलाला जाणीव देणारा मोठा मज्जातंतू तेवढा चांगला आहे, तो राखायचा. आणि खालचा पाय उलटा फिरवून, टाच पुढे करून, वर मांडीला जोडायचा. घोटा गुडघ्याच्या जागी येतो. ते उलटं पाऊल कृत्रिम पायात घालायचं आणि घोटा वाकवला की गुडघा वाकल्यासारखा तो पाय वाकतो. त्यांनी चित्र काढून दाखवलं. हे उठून खिडकीपाशी गेले.

सर्जन चित्र आमच्याकडे धरून बोलत होते. तिने हात पुढे करून ते स्वतःकडे वळवलं आणि म्हणाली, "मला सांगा. पाय माझा आहे." मत कोणाचं विचारत नाही. काल फक्त एवढं म्हणाली, मामाला विचार, त्याला असा पाय बनवता येतो का. त्याला खरं सांग म्हणावं.

म्हणून विचारते. खरं सांग.

ताई

४ जून

प्रिय ताई, आणि हे शिडीलाही वाचायला दे,

मी असा पाय कधी बनवलेला नाही.

तुमचं पत्र आल्यावर सर्जनबाईंकडे गेलो. त्यांनी एका बाईंचा पत्ता दिला. त्यांचा पाय असाच फिरवलेला आहे, शाळेत असताना, याच आजाराने. आता टपालखात्यात काम करतात, पिशवी घेऊन जिने चढतात. त्यांनी कृत्रिम पाय काढून मला सगळं दाखवलं. इतकी वर्षं मी यातच आहे, तरी ते उलटं पाऊल पाहून माझी नजर खाली गेली. दिसायला विचित्र दिसतं. लोक बघतात, त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना काम असतं म्हणून निघून जातात. पाऊल स्वतःचं आहे, खाली काय आहे ते जाणवतं, मांडीतून काढलेल्या पायापेक्षा चालायला सोपं, सायकलही चालवतात. आणि पहिली कित्येक वर्षं त्या समुद्रावर गेल्या नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. मग त्या जिना चढून गेल्या, मी मागे राहिलो.

त्यांचा पाय ज्यांनी बनवला ते कारागीर आता थकलेत, पण शिकवतो म्हणाले. मी जाऊन राहीन. जमेल असं वाटतं. जमलं नाही तर शिडीचं चालणं माझ्या हातून बिघडेल, ही भीती आहेच. ऑपरेशनचा धोका मात्र सर्जनलाच विचारा. पावलात रक्त नीट खेळलं नाही तर काय, हे विचारा.

मी मत देत नाही. एकदा दिलं, पुरे झालं. मापंही मागणार नाही. तिने स्वतः पाठवली तरच कामाला हात लावीन.

धाकटा

१२ जुलै

प्रिय मामा,

या वेळी प्रिय लिहिलंय.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनने पुन्हा विचारलं, पाय फिरवायचा हे नक्की ना? मी नक्की म्हणाले आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले. शूर वगैरे काही नव्हते. मला फक्त माझं काहीतरी खाली जमिनीवर टेकायला हवं होतं, आणि सायकल हवी होती. टेकताना नुसतं लाकूड टेकलं असं नको होतं. तू बनवतोस ते लाकूड नसतं हे मला माहीत आहे, चिडू नकोस.

शुद्धीवर आल्यावर मी किती तरी वेळ चादरीखाली बघितलं नाही. सगळे जण मात्र सारखे चादर उचलून तिथेच बघायचे. रक्तवाहिनी कापून पुन्हा शिवली होती, बोटं गार पडली तर पाऊल जाणार होतं. नर्स येऊन बघायच्या, तरी बाबा दिवसभर माझी बोटं मुठीत धरून बसायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी म्हणाले, "गरम आहेत." मग चहा प्यायला गेले. त्यानंतर मी बघितलं. टाच माझ्याकडे होती. मी ओरडले नाही, पण चादर परत ओढून घेतली. आता दिवसातून एकदा बघते. अंगठा हलतो. तो हलवायला सांगितला की आधी मला विचार करावा लागतो तो कुठे आहे.

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला. औषधाने तिचा बराचसा भाग मेला होता, पण सगळा नाही. कडा साफ आहेत, म्हणजे पायात काही मागे राहिलेलं नाही. म्हणून केमो पुन्हा सुरू होणार, आणि छातीचे फोटो वर्षानुवर्षं काढत राहायचे. दर वेळी तिथे आडवं व्हायचं, श्वास धरायचा, आणि कोणीतरी आतल्या खोलीत बसून बघायचं. मला भीती वाटते मामा. आईला वाटतं मी विनोद करते म्हणजे मला वाटत नाही. तू तिला सांगू नकोस. नाहीतर सांगच, आता लपवालपवी पुरे.

हाड जुळायला वेळ आहे, सूजही उतरलेली नाही. खरा साचा तू येऊन प्लास्टरने घेशील हे मला माहीत आहे. तरी सोबत कागद पाठवतेय. पलंगावर बसून, खाली आईची कापायची फळी धरून, मीच पेन्सिल फिरवली. टाच पुढे आहे, तिथे बाण काढलाय, म्हणजे तू उलटं समजणार नाहीस. आई शेजारी उभी होती. टेप तिने गळ्यात घातली होती, पण हात लावला नाही.

पेन्सिल फिरवताना कोणीच माझ्याशी बोलत नव्हतं. मी अंग चोरलेलं नाही. माप बरोबर आहे, सुरू कर.

तुझी
शिडी